पोलिओ गेला, हे ठरवलं कुणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चारठाण्याला येणारा पाहुणा इथली हेमाडपंती मंदिरं आणि तो उंच कोरीव स्तंभ पाहून जातो. जिंतूर तालुक्यातलं हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते त्यामुळेच. मी आज सांगणार आहे तो इतिहास मात्र दगडात कोरलेला नाही. तो गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून, बर्फाच्या डब्यांतून मुंबईला गेलेला आहे.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. त्याचा एक पाय काडीसारखा बारीक. दर पावलाला तो गुडघ्यावर हात दाबून धरी. लहानपणी दोन दिवस ताप आला आणि पायातलं वारं गेलं, एवढंच त्याची आई सांगे. माझ्या वयाच्या लोकांना अशी मुलं आठवत असतील. त्याला पोलिओच झाला होता का? बहुधा होय. पण कुणी तपासलं नाही, कुठल्या वहीत नोंद झाली नाही. देशात दरवर्षी पोलिओ किती मुलांना होतो, या प्रश्नाला त्या काळी अंदाजानंच उत्तर द्यावं लागे.

पाय लुळा पडला म्हणजे पोलिओच, असंही नाही. पोलिओचा विषाणू एंटेरोव्हायरस नावाच्या मोठ्या कुळातला. हे विषाणू आतड्यात वाढतात, विष्ठेतून बाहेर पडतात आणि घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. अमेरिकेतल्या कॉक्सॅकी गावातल्या, पोलिओसारखा लुळेपणा आलेल्या दोन मुलांच्या विष्ठेत एक वेगळाच विषाणू सापडला. १९४८ साली ते प्रसिद्ध झालं आणि विषाणूला त्या गावाचंच नाव मिळालं. आपल्याकडे १९७१च्या सुमारास डोळे येण्याची मोठी साथ आली. त्या साथीनंतर काहींचे पाय लुळे पडल्याचं मुंबईत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांच्या लक्षात आलं. त्यामागेही याच कुळातला विषाणू होता. नुसत्या डोळ्यांनी रुग्ण पाहून निदान पक्कं होत नाही, ते असं.

मुंबईत १९४९ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं पोलिओ संशोधनाचा विभाग सुरू केला. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातलं एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र ते हेच. आज ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचा मुंबई विभाग म्हणून ओळखलं जातं. योगायोग असा, की त्याच १९४९ साली एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेतल्या साध्या पेशींत वाढवून दाखवला. १९५४ सालचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

९ डिसेंबर १९९५ रोजी देशात पल्स पोलिओची पहिली फेरी झाली. दोन थेंब सर्वांना आठवतात. पण १९९७ पासून दुसरं एक काम सुरू झालं, ते फारसं कुणाला दिसलं नाही. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, की त्याची खबर द्यायची. नर्सबाईंनी द्यायची, खासगी डॉक्टरनं द्यायची, गावातल्या वैदूनंसुद्धा द्यायची. मग चौदा दिवसांच्या आत, एक दिवसाच्या अंतरानं, त्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे. नमुना अंगठ्याच्या पेराएवढा. तो बर्फातच राहिला पाहिजे, नाहीतर विषाणू मरतो आणि सगळी खटपट वाया जाते. प्रत्येक मुलाला एक क्रमांक मिळे. आमच्या वर्गातल्या मुलाला जो कधी मिळाला नाही, तो हा क्रमांक.

प्रयोगशाळेत आधी नमुन्यातला विषाणू पेशींवर वाढवतात. तो पोलिओचा निघाला, तरी खरी अडचण पुढेच असते. तोंडावाटे देण्याच्या लशीत जिवंत, पण दुबळा केलेला पोलिओ विषाणूच असतो. थेंब घेतलेल्या बाळाच्या शौचात तो सापडणारच. ज्या देशात कोट्यवधी मुलं थेंब घेतात, तिथं विषाणू सापडला एवढ्यावरून घाबरायचं की नाही?

इथं रेणूंच्या पातळीवरची तपासणी कामाला येते. विषाणूचा सगळा मजकूर सुमारे साडेसात हजार अक्षरांचा. तो आरएनएत लिहिलेला असतो. आधी त्याची डीएनएत नक्कल करतात. मग १९८३ साली कॅरी मलिस यांनी शोधलेल्या पीसीआर तंत्रानं एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा लाखो नकला होतात. विषाणू लशीतला की रोग पसरवणारा मूळचा, हे त्यावरून ठरतं. त्यातला सुमारे नऊशे अक्षरांचा एक तुकडा अक्षर न् अक्षर वाचतात. हा विषाणू पसरत असताना त्यात वर्षाला साधारण शंभरातलं एक अक्षर बदलतं. त्यामुळे तो किती दिवस फिरतोय आणि कुठल्या भागातल्या विषाणूचा भाऊबंद आहे, हेही कळतं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कुळाचा माग लागतो ना, तसंच हे.

२००१ पासून मुंबईत सांडपाण्याचे नमुनेही तपासले जाऊ लागले. एकही मूल लुळं पडलं नसलं, तरी विषाणू वस्तीत फिरतोय का, हे गटार सांगतं. मूळचा विषाणू मुंबईच्या सांडपाण्यात शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. देशात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० साली ४२ आणि २०११ साली फक्त एक: पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली एक बालिका. तिचा आजार १३ जानेवारीचा. त्यानंतर तीन वर्षं, पाय लुळा पडलेल्या मुलांचे हजारो नमुने तपासून ‘नाही’ असं उत्तर येत राहिलं. म्हणून २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. या हजारो ‘नाहीं’च्या मागे कुठल्या तरी गावातलं एक मूल, एक डबी आणि बर्फ होता.

हे काम अजून संपलेलं नाही. २०२४ साली मेघालयात एका लहान मुलाला पोलिओ झाला. तो लशीतल्या विषाणूत बदल होऊन झालेला होता, हे तपासणीतूनच कळलं.

म्हणून एक विनंती. घरातल्या किंवा शेजारच्या मुलाचा हातपाय अचानक ढिला पडला, तर मालिश करण्यात आणि वाट पाहण्यात दिवस घालवू नका. आरोग्य केंद्रात जा. शौचाचा नमुना मागितला तर संकोच न करता द्या. आमच्या वर्गातल्या मुलाला नेमकं काय झालं होतं, हे आता कधीच कळणार नाही. तुमच्या मुलाचं कळू शकतं.