पाणी कोणत्या दिशेला वाहते आहे?

मराठी माणूस गुपित पोटात ठेवतो, आणि भीती वाटली की गोळाही त्याच्या पोटातच येतो. पोट आणि मन यांचे नाते आपल्या भाषेने असे कधीचेच गृहीत धरले आहे. प्रयोगशाळेने मात्र त्याचा पुरावा मागितला, आणि तो गोळा करण्याचे काम अजून चालू आहे. आतड्यांतले जिवाणू आणि अल्झायमर यांच्यातील संबंधावरचे लेख या पुस्तकात एकत्र केले आहेत. विषय परका वाटेल, थोडे अवघडल्यासारखेही, पण वाचकांनी नाक मुरडू नये.

अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली ट्युबिंगेनच्या सभेत आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील साके आणि गुंते यांचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांचे आयुष्य लांबवण्याविषयीचे पुस्तक आले. वार्धक्याचे मूळ मोठ्या आतड्यातील कुजण्यात आहे, आणि दह्यासारख्या आंबवलेल्या दुधातले जिवाणू त्यावर उतारा आहेत, असे त्यांचे म्हणणे. हे दोन धागे शेजारी शेजारी सुरू झाले, पण एकमेकांत गुंफले जायला जवळपास शंभर वर्षे जावी लागली.

आपल्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण 30 लाख कोटी, म्हणजे या घरात भाडेकरूच मालकापेक्षा जास्त! आपल्याला न पचणारा कोंडा आणि डाळींची साले ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी लहान आम्ले तयार होतात. ती आतड्याचे अस्तर धड ठेवतात आणि दाह आवरतात. व्हेगस हा मज्जातंतू तर पोटातून थेट मेंदूच्या देठापर्यंत जातो. मेंदूत राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींची घडणही या जिवाणूंवर काही अंशी अवलंबून असते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे.

प्रयोगांकडे येऊ. ज्यांच्यात अल्झायमरची जनुके घातली आहेत असे उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तेव्हा त्यांच्या मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाचे साके कमी आढळले. हे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी शिकागोत संग्राम सिसोदिया यांच्या गटाने प्रतिजैविके देऊन साधारण तसेच पाहिले होते. आयर्लंडमधील कॉर्कच्या संशोधकांनी 2023 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांचे आतड्यांतील जिवाणू तरुण उंदरांत सोडले, तर त्यांची स्मरणशक्ती ढळली.

इथे वाचकांनी जरा थांबावे. ही प्रस्तावना मी भेडाघाटला लिहितो आहे. धुवांधार धबधब्यापाशी नर्मदा कुठून कुठे जाते हे विचारावे लागत नाही, कानठळ्या बसतात. पण पंचवटी घाटावरून नावेत बसून संगमरवरी कड्यांच्या आत शिरा. पाणी इतके संथ होते की ते कुठल्या बाजूला वाहते आहे हे कळत नाही, आणि समोर वाट आहे की भिंत, तेही नाही. उंदरांचे प्रयोग मला धुवांधारसारखे वाटतात. माणसांवरचा अभ्यास म्हणजे ही घळ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये 25 रुग्णांचे जिवाणू 25 निरोगी माणसांच्या जिवाणूंशी ताडून पाहिले, तेव्हा ते वेगळे निघाले. पण विसर पडू लागलेला माणूस जेवण विसरतो, पाणी कमी पितो, त्याला बद्धकोष्ठ होते, औषधे वाढतात. मग जिवाणू बदलल्याने मेंदू बिघडला, की मेंदू बिघडल्याने जिवाणू बदलले? पुढचा प्रत्येक लेख वाचताना एवढा एक प्रश्न हाताशी ठेवा.

भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज आहे, तरी आपल्या आतड्यांचा अभ्यास उशिराच सुरू झाला. भोपाळच्या आयसर संस्थेच्या 2019 च्या अभ्यासात भोपाळच्या शाकाहारप्रधान आहाराशी प्रिव्होटेला जिवाणूंचे प्राबल्य जुळलेले आढळले. पुण्याच्या कामाबद्दल मला विशेष अभिमान आहे. तिथल्या संशोधकांनी 2012 साली दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले. छप्पर एक, चूल एक, फरक वयाचा. आजोबा, मुलगा, नातू यांना एकाच ताटावरून उठवून तपासायची सोय परदेशी शास्त्रज्ञांना सहज मिळायची नाही! माणसे मोजकीच होती, म्हणून निष्कर्ष ताणू नयेत. पण वयाबरोबर जिवाणूंचे प्रमाण बदलते हे त्यात दिसले. पुढे 2014 मध्ये पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी निरोगी भारतीय माणसाच्या विष्ठेतून सापडलेल्या नव्या जिवाणूला ‘मेगास्फेरा इंडिका’ हे नाव दिले.

नवख्या वाचकांनी एकत्र कुटुंबांवरच्या लेखापासून सुरुवात केली तरी चालेल. रसायनांची नावे तिथे सर्वांत कमी आहेत. दह्याचा लेख मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तो आधी छापला असता, तर पुढची पाने कोणी उलटलीच नसती.