विद्यार्थी नाट्यलेखन व अभिवाचन (सोलापूर)

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने स्वतः रचलेली संहिता स्पर्धेत दाखल करणे, आणि प्रयोगापूर्वी ती नेपथ्य-वेशभूषेवाचून श्रोत्यांपुढे वाचणे, हा रंगव्यवहार. महाराष्ट्रात त्यास बळ आले ते मुख्यत्वे एकांकिका-स्पर्धांमुळे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासूनची. सोलापूरची महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या अखत्यारीत होती. २००४ मध्ये या एकाच जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर युवा महोत्सवही जिल्ह्याचा स्वतःचा झाला. विद्यापीठीय महोत्सवांत एकांकिकेस साधारणतः तीस मिनिटांची मर्यादा असते, आणि नवोदित लेखकास काटकसर शिकविणारा याहून चांगला गुरू नाही.

गिरण्या, यंत्रमाग आणि विडी-उद्योग यांच्या आश्रयाने वाढलेल्या या शहरात मराठीच्या शेजारी तेलुगू, कानडी आणि दख्खनी उर्दू नांदत असल्यामुळे, पूर्वभागातील विणकराच्या घरचा संवाद लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रमाणभाषेची सोय सोडण्याचा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहतो. ती ज्याने सोडली त्याचेच पात्र जिवंत होते. अभिवाचनात याची पारख तत्काळ होते: वाचणारा ज्या शब्दाशी अडखळतो तेथे लेखक समासात पेन्सिलीने खूण करतो, आणि पुढील वाचनास ते वाक्य बहुधा निम्मे झालेले असते.