काखेपासून गुडघ्यापर्यंत

न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये, हडसन नदीच्या काठी एलिशियन फील्ड्स नावाचं मैदान होतं. १९ जून १८४६ रोजी तिथे निकरबॉकर क्लब बेसबॉलचा सामना खेळला आणि २३–१ असा सपाटून हरला. क्लबच्या नोंदवहीत त्या दिवसाची आणखी एक नोंद आहे: शिवी दिल्याबद्दल एका खेळाडूला ६ सेंट दंड. म्हणजे मैदानावर शिस्त होती, दंड होता, पंचही होता. पण आज ज्या कामासाठी पंच होम प्लेटमागे वाकून उभा असतो, ते काम त्याच्याकडे नव्हतं. समोरून आलेला चेंडू मारण्याजोगा होता की नाही, हे तेव्हा कोणी सांगत नसे. क्लबच्या १८४५ च्या नियमांप्रमाणे बॅट फिरवून हुकलं तरच स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या खात्यात एक चूक. बॅट फिरवलीच नाही, तर पुढचा चेंडू.

मी एडिसनला राहते. होबोकन इथून तासाभराच्या आत. एप्रिल ते जून शनिवार-रविवारी मी मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यांत प्लेट अंपायर असते. जळगावला शाळेत असताना मी कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारी, होते, त्यामुळे प्लेटच्या मागची जागा मला नवी नाही; फक्त आता मी कॅचरच्याही मागे उभी राहते. निळा शर्ट, तोंडावर मास्क, डाव्या हातात चेंडू मोजायचं इंडिकेटर, कमरेच्या पिशवीत प्लेट झाडायचा ब्रश. दर सामन्यात निदान एकदा तरी जाळीपलीकडून आवाज येतोच, “ब्लू, तो स्ट्राइक कसा?” मग मी या प्रश्नाचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं: स्ट्राइक झोन, म्हणजे मारण्याजोगा चेंडू ठरवणारी मनातली चौकट, शिक्षेसाठी जन्मला नाही. खेळ अडून बसू नये म्हणून तो जन्मला, आणि मुलांच्या सामन्यात तो त्याच हेतूने वापरला पाहिजे.

सुरुवातीला चेंडू टाकणाऱ्याने, म्हणजे पिचरने, हात खालून फिरवून, बॅटला लागेल असा चेंडू द्यायचा आणि बॅटरने तो मारायचा, इतका साधा व्यवहार होता. खरी चुरस पुढच्या धावण्यात आणि झेलण्यात. पण क्लब वाढले, प्रेक्षक जमू लागले, जिंकण्याला किंमत आली. मग बॅटर मनासारखा चेंडू येईपर्यंत ढिम्म उभा राहू लागला, आणि पिचर मुद्दाम आवाक्याबाहेर टाकू लागला. आघाडीवर असलेला संघ अंधार पडेपर्यंत वेळ काढू शकत असे. मैदानभर खेळाडू उभे, आणि खेळ मात्र थांबलेला.

१८५८ साली पंचाला अधिकार मिळाला: चांगले चेंडू येऊनही बॅटर मारत नसेल तर आधी त्याला ताकीद द्यायची, मग स्ट्राइक पुकारायचा. १८६४ च्या हंगामापासून पिचरलाही तोच न्याय लागू झाला आणि वाईट चेंडू मोजले जाऊ लागले. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी बॅटरची टाळाटाळ बंद केली, मग पिचरची. पंचाच्या तोंडी ‘स्ट्राइक’ आणि ‘बॉल’ हे दोन शब्द आले ते खेळणाऱ्यांच्याच गरजेतून.

तरीही चांगला चेंडू कोणता, हे ठरायचं होतंच. १८७१ पासून एक पद्धत होती जी आज ऐकून नवल वाटेल. बॅटर प्लेटपाशी येऊन सांगायचा, मला वरचा चेंडू हवा किंवा खालचा हवा. वरचा म्हणजे खांद्यापासून कमरेपर्यंत, खालचा म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंत. पंचाला प्रत्येकाची मागणी डोक्यात ठेवून निवाडा द्यावा लागे. १८८७ साली ही मागणी बंद झाली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकच चौकट, सर्वांना सारखी. आज आपण ज्याला स्ट्राइक झोन म्हणतो तो खऱ्या अर्थाने त्या वर्षी उभा राहिला. चार चेंडूंवर पहिला बेस फुकट, हा हिशेबही १८८९ मध्ये ठरला. त्याच्या दहा वर्षं आधी त्यासाठी नऊ वाईट चेंडू लागत.

आणि त्याच १८८७ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये सॉफ्टबॉल जन्मला. हार्वर्ड आणि येल यांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला मंडळी जमली होती. येल जिंकल्याची बातमी आली, आणि उत्साहाच्या भरात कोणीतरी बॉक्सिंगचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक या वार्ताहराने मोजा दोरीने आवळून चेंडू केला, जिमच्या जमिनीवर खडूने रेषा आखल्या. तो पहिला सामना ४१–४० असा सुटला म्हणतात. बंद खोलीतला खेळ म्हणून चेंडू मोठा आणि मऊ, अंतरं कमी. पुढे तो मैदानावर आला. १८९५ मध्ये मिनियापोलिसचे अग्निशमन अधिकारी लुइस रोबर यांनी आपल्या जवानांना बंबापाशी मोकळा वेळ घालवता यावा म्हणून तसाच खेळ बसवला.

बेसबॉलने १८८४ मध्ये हात खांद्यावरून फिरवायला मोकळीक दिली. सॉफ्टबॉलने मात्र मूळची खालून टाकण्याची रीत सोडली नाही. एडिसनच्या मैदानावर दहा वर्षांची मुलगी जेव्हा हात गोल फिरवून मांडीपाशी चेंडू सोडते, तेव्हा खालून चेंडू देण्याचा होबोकनचा नियम ती पाळत असते. बेसबॉल खेळणाऱ्या तिच्या भावाने तो केव्हाच सोडला आहे.

पन्नासेक वर्षं सॉफ्टबॉल गावोगाव वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या चेंडूंनी खेळला गेला. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पत्रकार लिओ फिशर आणि क्रीडासाहित्याचे विक्रेते मायकेल पॉली यांनी मोठी स्पर्धा भरवली, पुरुषांची आणि स्त्रियांचीही. निरनिराळे नियम पाळणारे संघ समोरासमोर आले आणि समान नियमांची निकड सर्वांना कळली. त्याच वर्षी अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन स्थापन झाली, पाठोपाठ १९३४ मध्ये संयुक्त नियम समिती.

आज अमेरिकेतल्या मुलींच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये झोन काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत धरतात, बॅटर आपल्या नेहमीच्या पवित्र्यात उभी असताना. बेसबॉलने आपली चौकट कितीदा तरी हलवली. १९६३ मध्ये ती पुन्हा खांद्यापर्यंत वाढवली, पिचर शिरजोर झाले, १९६८ मध्ये बॉब गिब्सनच्या चेंडूंवर क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे निघालेल्या धावा वगळता नऊ इनिंगमागे सरासरी १.१२ इतक्याच धावा निघाल्या. लगेच १९६९ मध्ये चौकट लहान केली आणि पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला. तराजू एका बाजूला झुकला की झोन हलवायचा, हे मोठ्यांच्या व्यावसायिक खेळातही उघडपणे केलं गेलं. मुलांच्या लीगनी तेच केलं तर त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही.

मुलींच्या खेळाचा इतिहास पुन्हा होबोकनलाच येतो. १९७२ मध्ये मारिया पेपे ही शाळकरी मुलगी तिथल्या लिटल लीग संघातून बेसबॉलचे तीन सामने खेळली. मुलांच्या स्पर्धेत मुलगी नको म्हणून वरून दबाव आला, गावाची मान्यता काढून घेण्याची भाषा झाली, आणि तिला संघ सोडावा लागला. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेनने तक्रार दाखल केली. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागाच्या सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निर्णय दिला, आणि पुढच्या वर्षी न्यायालयानेही तो उचलून धरला. १९७४ मध्ये लिटल लीगने नियम बदलला, त्याच वर्षी मुलींसाठी सॉफ्टबॉल सुरू केला. मारियाचं वय तोवर लीगच्या मर्यादेबाहेर गेलं होतं. आज माझ्यासमोर बॅट घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलींना, त्यांत कुलकर्णी-पाटीलही आल्या, ही जागा तिच्यामुळे मिळाली आहे. तिचं नाव त्यांना माहीत असावं असं मला फार वाटतं.

त्याच १९७२ च्या जूनमध्ये, मोठ्या कोर्टकचेरीनंतर, बर्निस गेरा न्यू यॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे व्यावसायिक बेसबॉलची पहिली स्त्री पंच म्हणून मैदानात उतरली. सहकारी पंचांचं सहकार्य नव्हतं. एक सामना करून तिने पद सोडलं. तिच्याही आधी, १९०४ मध्ये, आयोवाच्या हॉवर्डनमध्ये अमांडा क्लेमेंट नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने निमव्यावसायिक सामन्यांत पैसे घेऊन पंचगिरी केली आणि त्या कमाईतून कॉलेज शिकली. प्लेटमागे बाई उभी राहणं ही काही कालपरवाची गोष्ट नाही.

आता दहा वर्षांखालच्या मुलींचा झोन प्रत्यक्षात कसा असतो ते सांगते. प्लेट १७ इंच रुंद. चेंडूचा घेर ११ इंच, म्हणजे व्यास साडेतीन. चेंडूचा कुठलाही भाग प्लेटच्या कुठल्याही भागावरून गेला तरी चालतो, म्हणून चौकटीची खरी रुंदी सुमारे २४ इंच होते. उंची मात्र प्रत्येकीची वेगळी. सव्वाचार फूट उंचीची मुलगी गुडघे वाकवून उभी राहिली की तिची काख आणि गुडघा यांत दोन फूटही उरत नाहीत. कबड्डीच्या मैदानाला सकाळी एकदा फक्की मारली की दिवसभर रेषा दिसते. इथे प्रत्येक बॅटर आली की अंपायरला नवी चौकट मनात आखावी लागते.

त्यात या वयात चेंडू ३५ फुटांवरून येतो तो सरळ येत नाही, वर जाऊन खाली पडत येतो. प्लेटच्या पुढच्या कडेवर गुडघ्याच्या उंचीला असलेला चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत मातीला टेकलेला असतो. पालकांना दिसतं ते कॅचरचं ग्लव्ह. मी कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत, कॅचरच्या डोक्यावरून बघत असते, कारण निवाडा प्लेटवरचा द्यायचा असतो, ग्लव्हमधला नाही. एकदा एका बाबांनी सामना संपल्यावर विचारलं, “ताई, तो बॉल तर जमिनीवर पडला होता ना?” मी त्यांना प्लेटमागे उभं केलं आणि त्यांच्याच मुलीला चार चेंडू टाकायला सांगितलं. दुसऱ्या चेंडूला ते म्हणाले, “कळलं.”

पुस्तकातला झोन जसाच्या तसा लावला तर नवशिकी पिचर चौकटीत क्वचितच टाकू शकते. मग बॅट न फिरवता मुली एकामागून एक पहिल्या बेसवर चालत जातात, आठ जणी गवतात उभ्या राहतात, आणि पिचर रडकुंडीला येते. १८५८ च्या आधी झाली होती तशीच कोंडी. म्हणून अनेक स्थानिक लीगमध्ये सगळ्यांत लहान गटात चार वाईट चेंडूंनंतर प्रशिक्षक येऊन चेंडू टाकतो, आणि आम्ही अंपायर चौकटीला वर, खाली आणि बाहेर एकेका चेंडूइतकी सवलत देतो. दोन्ही प्रशिक्षकांना ते सामन्याआधी सांगतो आणि शेवटच्या चेंडूपर्यंत दोन्ही संघांना सारखंच लावतो. मुली बॅट फिरवायला शिकतात. बारा-चौदाच्या गटात पिचरचा हात बसला की चौकट हळूहळू पुस्तकाजवळ येते.

मोठ्यांच्या खेळात आता यंत्रं आली आहेत. कोरियाच्या लीगमध्ये २०२४ पासून यंत्रच स्ट्राइक ठरवतं. अमेरिकेच्या मेजर लीगने २०२६ च्या हंगामापासून पंचाच्या निवाड्याला यंत्राकडे आव्हान देण्याची सोय केली, आणि तिथे चौकट खेळाडूच्या उंचीच्या २७ टक्क्यांपासून ५३.५ टक्क्यांपर्यंत मोजली जाते. लाखो डॉलर पणाला लागलेले असताना ते योग्यच आहे. पण यंत्राला आज पहिल्यांदाच पिचिंग करणारी मुलगी ओळखता येत नाही, आणि आमच्या मैदानांना त्याची गरजही नाही. आम्हाला कमी पडतात ती माणसं.

२०२३ च्या वसंतात न्यू जर्सीच्याच डेप्टफर्ड टाउनशिपमधल्या लिटल लीगचे पंच पालकांच्या शिव्यांना कंटाळून काम सोडू लागले. तिथे नियम केला गेला: पंचाशी भांडणाऱ्या पालकाला मैदानात परत यायचं असेल तर आधी तीन सामन्यांत स्वतः पंच व्हावं लागेल. १८४६ च्या ६ सेंटांपेक्षा हा दंड मला जास्त शहाणा वाटतो, कारण तो माणसाला प्लेटमागे आणून उभा करतो. पण शिक्षा म्हणून कशाला? प्रत्येक लीगने हंगामाच्या सुरुवातीला पालकांना एक सकाळ प्लेटमागे उभं करावं, हातात इंडिकेटर द्यावं, दहा चेंडूंचा निवाडा मागावा. मुली आपल्या आईवडिलांकडूनच शिकतात की समोरचा निर्णय आवडला नाही तर काय करायचं. पुढच्या चेंडूसाठी तयार राहायचं, हे उत्तर त्यांनी घरून घेऊन यावं, एवढीच अंपायर म्हणून माझी मागणी आहे.