टोपीचा गोंडा आणि लांकडी चमचा

श्रोतेहो, विद्यापीठ म्हटलें कीं सर्व विद्यार्थी एकाच पंक्तीस बसले आहेत, असें चित्र आपल्या मनांत उभें राहतें. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड व केंब्रिज या पुरातन विद्यापीठांचा इतिहास निराळें सांगतो. विद्यार्थी काय शिकतो यापूर्वीं तो कोणत्या पंक्तीचा, हें तेथें ठरे.

अठराव्या शतकांत ऑक्सफर्ड येथील उमरावपुत्र टोपीस सोनेरी गोंडा लावीत. त्यांच्या मागें लाळ घोटीत फिरणाऱ्यांस ‘गोंड्याचे शिकारी’ अशा अर्थाचें नांव पडलें होतें. केंब्रिज येथें धनिक विद्यार्थी अध्यापकांच्या पंक्तीस जेवीत, तर ‘सायझर’ म्हणून घेतलेले गरीब विद्यार्थी खर्चाच्या सवलतीपोटीं इतरांचीं हलकींसलकीं कामें करीत. अशाच खालच्या वर्गांत १६६१ सालीं ट्रिनिटी कॉलेजांत एक तरुण दाखल झाला. त्याचें नांव आयझॅक न्यूटन!

सॅम्युअल जॉन्सन १७२८ सालीं ऑक्सफर्डला आला. त्याचे जोडे इतके फाटले होते कीं पायाचीं बोटें दिसत. कोणा दयाळू गृहस्थानें नवे जोडे त्याच्या दाराशीं ठेविले. त्यानें ते संतापानें फेकून दिले, असें त्याचा चरित्रकार बॉस्वेल लिहितो. पैशाअभावीं त्यास पदवीवांचून परतावें लागलें. पुढें त्याचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध होण्याच्या सुमारास, १७५५ सालीं, त्याच विद्यापीठानें त्यास सन्मानपूर्वक एम. ए. केलें.

कालांतरानें जन्माच्या जागीं गुणांस मान आला, पण शिक्के गेले नाहींत. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिला येणारा ‘सीनिअर रँग्लर’ म्हणून गाजे. सन्मान-यादींत जो शेवटचा, त्यास सोबती भर पदवीदान-समारंभांत लांकडी चमचा देत. क्रमवार यादीची ही प्रथा १९०९ पर्यंत चालली. १८९० सालीं फिलिपा फॉसेट हिनें पहिल्या रँग्लरहूनही अधिक गुण मिळविले. परंतु ती स्त्री, म्हणून तीस पदवी नाहीं! केंब्रिजनें स्त्रियांस पूर्ण पदवी दिली ती १९४८ सालीं. १८९९ सालीं कोंकणांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पहिल्या क्रमांकाचे सहमानकरी झाले, आणि परतंत्र देशाचा विद्यार्थी राज्यकर्त्यांच्या देशांत अग्रभागीं बसला.

हे दाखले वाचतांना मला माझाच वर्ग आठवतो. मागच्या बांकावर डुलक्या घेणाऱ्या एका मुलास मीं वर्षभर ‘ढ’ म्हटलें. वर्गानेंही तेंच नांव उचललें. तो पहांटे घरोघर दूध घालून शाळेंत येत असे, हें मला फार उशिरां कळलें. तोंवर त्यानें शाळा सोडली होती. मीं कधीं विचारलेंच नव्हतें.

श्रोतेहो, मुलास एखादें नांव चिकटविण्यापूर्वीं त्याच्या पायांतील जोड्यांकडे एकदां पाहावें, एवढीच या जुन्या शिक्षकाची विनंति आहे.