साताऱ्याचा पैसा, गोव्याचा घुमट

आजचा विषय बरोक. पाटणमध्ये बसून यावर काय बोलणार, असं वाटेल. आपल्याकडे दातेगड आहे, कातळात कोरलेली पायऱ्यांची विहीर आहे, जांभ्याचे सडे आहेत. बरोक कुठंय? पण या गोष्टीचा एक धागा थेट साताऱ्याच्या गादीपर्यंत येतो.

आधी शब्द बघू. पोर्तुगीजमध्ये 'बारोको' म्हणजे वेडावाकडा मोती. सतराव्या शतकात युरोपात जी नाटकी, नटवी बांधणी आली, तिला पुढे हे नाव चिकटलं. पीळ दिलेले खांब, सोन्याचा मुलामा, घुमट, एकावर एक चढत जाणाऱ्या कमानी. बघणाऱ्यानं आत पाऊल टाकताच थक्क व्हावं, हा सरळ हेतू. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च १५९४ ते १६०५ या काळातलं, म्हणजे या शैलीच्या अगदी सुरुवातीचं. आणि त्याची दर्शनी भिंत कसली? जांभ्याची. आपल्या सड्यावर दिसतो तोच दगड!

आता गोष्टीचा कडू भाग. १५६०च्या दशकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली. केळशीच्या शांतादुर्गेला भाविकांनी झुआरी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, डोंगराच्या कुशीतल्या कवळे गावी नेलं. तिथे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. देवी बरीच वर्षं साध्या जागेत राहिली.

मग येतात नारोराम मंत्री. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, नोकरी साताऱ्यात शाहू महाराजांच्या दरबारात. त्यांच्या खटपटीनं साताऱ्याकडून पैसा मिळाला आणि १७३८च्या सुमारास कवळ्याचं आजचं देऊळ उभं राहिलं. पुढच्याच वर्षी शाहू महाराजांनी कवळे गाव देवीला इनाम दिलं.

आणि देऊळ दिसतं कसं? उतरती लाल कौलं, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, वर घुमट, आत झुंबरं. समोर पांढरी, मजल्यामजल्यांची दीपमाळ, लांबून एखाद्या चर्चचा मनोराच वाटावी अशी.

माझा एक मित्र फोटो बघून म्हणाला, "हे देऊळ आहे का चर्च?" प्रश्न बरोबर आहे. ज्यांनी देवी उठवली, त्यांच्याच धाटणीत तिचं घर कसं काय? जबरदस्ती म्हणावी तर फोंडा तेव्हा त्यांच्या हातात नव्हता. तो १७६०च्या दशकात गेला. मला वाटतं, उत्तर गवंड्यांच्या हातात आहे. गोव्यातली चर्चं बांधली ती इथल्याच कारागिरांनी. दीडशे वर्षं कमान, घुमट, गिलावा करून करून ती विद्या त्यांची झाली होती. देवीसाठी भव्य घर बांधायचं ठरल्यावर त्यांनी आपल्याला येणारं सगळ्यात उत्तम काम केलं. आतली मांडणी मात्र आपलीच ठेवली: गर्भगृह, सभामंडप, तळी, दीपमाळ.

हे सांगायचं कारण आहे. आमच्या बाजूच्या एका गावात कौलारू देऊळ पाडून स्लॅब टाकला, वर रंगीत सिमेंटचं शिखर. का, तर म्हणे "आता खरं देवळासारखं दिसतंय". लाकडी खांब सरपणाला गेले. खऱ्या देवळाचा साचा एकच असतो, हे ठरवलं कोणी? शाहू महाराजांच्या मंत्र्याला तरी घुमटाची अडचण वाटली नव्हती.

कधी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गोव्याला गेलात, तर बीचचा एक दिवस कमी करा आणि फोंडा बघा. कवळं आणि मंगेशी जवळजवळच आहेत. तेवढं लांब जमत नसेल तर वाईजवळच्या मेणवलीला जा. चिमाजी अप्पांनी १७३९ला वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्यातलीच एक तिथे कृष्णेच्या घाटावर टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ साल आणि मारिया-येशूची आकृती आहे. मान वर करून नीट बघा, सहज दिसत नाही.