चुकला तिथंच शिकवला

२४ ऑगस्ट २०१४ रोजी आपल्या मुळशीच्या वेशीवर, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन स्पर्धा झाली. विषय होता पालकत्वाला वंदन. माणूस चालवत असलेला ‘पालक’ रोबो ‘बाळ’ रोबोला सीसॉवर, झोक्यावर नेई. बाळ मात्र विद्यार्थ्यांनी आधी भरलेल्या सूचनांप्रमाणेच चाले.

खेळता खेळता शिकवणं घडलं ते फुटबॉलच्या रोबोंना. १९९७ साली जपानच्या नागोया शहरात त्यांची रोबोकप स्पर्धा सुरू झाली. २०५० पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवायचं, हे तिचं ध्येय. पण मैदानावर पुढच्या क्षणी काय होईल, ते सगळं आधी लिहून कसं ठेवणार? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएला वेलोसो आणि चेतिन मेरिचली यांनी वेगळी वाट धरली. रोबोला खेळू द्यायचं. तो चुकला की तिथंच माणसानं योग्य हालचाल दाखवायची. तो प्रसंग आणि ती दुरुस्ती रोबो जपून ठेवतो. तसाच प्रसंग आला की वापरतो.

ही रीत आपल्या ओळखीची आहे. भातलावणीला आलेल्या नव्या पोरीला आपण भाषण देत नाही. चिखलात उतरवतो, रोप खोल गेलं की हात धरून दाखवतो. यंत्रालाही काम येणारंच माणूस लागतं, कारण चुकीची दुरुस्तीसुद्धा ते तितक्याच इमानानं जपतं. म्हणून उद्या आपल्या खाचरात यंत्रं उतरली, तर शिकवणाऱ्यांत आपणही असायला हवं.