वायुबाधा : तीव्रतेचे मूल्यमापन

श्वासावाटे विषारी वायू गेलेल्या रुग्णाची प्रकृती किती गंभीर आहे, हे तातडीने ठरवण्याची पद्धत. नाशिकमधल्या सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत तिची गरज कधीही पडू शकते. रुग्णासोबत आलेल्या सहकाऱ्याला आधी विचारावे : वायू कोणता, किती वेळ, जागा बंदिस्त होती का. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. डोळे-घसा लगेच जळतात आणि माणूस पळतो. नायट्रिक आम्लात धातू साफ करताना निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड मात्र कावेबाज. सुरुवातीला किरकोळ खोकला, मग काही तासांनी, क्वचित दिवसभरानंतर, फुप्फुसांत पाणी. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबून अशा रुग्णाला घरी पाठवू नये. आवाज घोगरा होणे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणे ही श्वसनमार्ग सुजल्याची चिन्हे. नळी घालण्याची तयारी ठेवावी. कार्बन मोनॉक्साइडच्या बाधेत साधा पल्स ऑक्सिमीटर फसवतो, आकडा ९८ दिसूनही रुग्ण गुदमरलेला असतो. रक्तातील कार्बॉक्सिहीमोग्लोबिनच (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हीमोग्लोबिन) मोजावे लागते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास साध्या हवेत ४-५ तास, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे १ ते दीड तास लागतो. त्यामुळे अहवालाची वाट न पाहता ऑक्सिजन सुरू करतात.